ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्हीची देखभाल: टायरच्या हवेपासून कपलिंगच्या तेलापर्यंत

ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही सर्व्हिसिंगला गेली की इंजिन ऑईल बदलले जाते, फिल्टर आणि ब्रेक पॅड पाहिले जातात आणि गाडी धुऊन परत मिळते. मागच्या चाकांपर्यंत जोर पोहोचवणारी यंत्रणा आणि टायरमधील हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा यांच्याकडे मात्र डॅशबोर्डवर दिवा पेटेपर्यंत सहसा कोणी वळत नाही. पहिली मेकॅनिकची आणि दुसरी टायरवाल्याची, अशी वाटणीही परस्पर होऊन जाते. ही वाटणी गाडीला महागात पडते, कारण या दोन्ही यंत्रणा एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: चारही चाके एका किलोमीटरमागे सारखेच फेरे घेतात की नाही. टायर कमी-जास्त झिजलेले असतील किंवा त्यांतील हवेत फरक असेल, तर मागच्या चाकांना जोर जोडणाऱ्या कपलिंगमध्ये कितीही महागडे तेल घातले तरी कपलिंग झिजतच राहते. म्हणून इथे सांगितलेले काम टायरपासून सुरू होते आणि गाडीच्या पोटाखाली संपते. हा क्रम उलटा करू नये.

आपल्या गाडीचा प्रकार ओळखा

थार, स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनर यांच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांमध्ये चालक स्वतः फोर-हाय किंवा फोर-लो निवडतो, आणि ती निवड केल्यावर पुढचा व मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना पक्का जोडला जातो. अशा गाड्या कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये चालवू नयेत. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि तो फरक सामावून घ्यायला मधे काहीच नसल्यामुळे सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

हा लेख दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांविषयी आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे जोडणी होणारी स्कोडा कोडियाक, रांजणगावची जीप कंपास, चाकणची एक्सयूव्ही ७००, तसेच ग्रँड विटारा ऑलग्रिप यांच्या ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्त्या एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालतात. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, तोंडाशी बसवलेले बहुपट्टी क्लचचे कपलिंग गरजेनुसार दाबले जाते आणि तेवढाच जोर मागे जातो. हा निर्णय संगणक घेतो. चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, हे सगळे तो सेकंदाला अनेकदा पाहतो. पुढे नेमका आकडा किंवा कृती द्यावी लागेल तिथे मी कोडियाकचे उदाहरण घेतले आहे. तिच्यातील कपलिंग पाचव्या पिढीचे हॅल्डेक्स आहे, आणि स्वीडनच्या हॅल्डेक्सचा हा विभाग २०११ पासून बोर्गवॉर्नरकडे आहे. आपली गाडी दुसरी असेल तर तत्त्व तेच राहते, आकडे मात्र आपल्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

आधी टायर मोजा

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागी हे काम करावे. नक्षीची खोली मोजण्याचा छोटा गेज कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजमाप घ्या, टायरच्या घेरावर निदान तीन ठिकाणी घ्या, आणि आकडे वहीत लिहून ठेवा. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते, आणि कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर लागते. पण ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत ही किमान मर्यादा एवढाच प्रश्न नसतो. चार टायरांमधील फरक त्याहून महत्त्वाचा असतो.

याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. नक्षी १ मिलिमीटरने झिजली की टायरचा व्यास २ मिलिमीटरने आणि परीघ सुमारे ६.३ मिलिमीटरने कमी होतो. कोडियाकवर असणाऱ्या २३५/५५ आर१८ टायरचा परीघ साधारण २२४८ मिलिमीटर भरतो, म्हणजे एका किलोमीटरला ४४५ च्या आसपास फेरे. आता पुढे दोन नवे टायर घातले आणि मागचे ४ मिलिमीटरने अधिक झिजलेले राहिले, तर परिघातला फरक २५ मिलिमीटर, म्हणजे एक टक्क्याहून थोडा जास्त होतो. मागची चाके दर किलोमीटरला पुढच्यांपेक्षा पाच फेरे अधिक घेतात. सरळ रस्त्यावरही कपलिंगच्या पट्ट्यांना हा फरक सतत घसरत सोसावा लागतो. घसरण्यातून उष्णता होते आणि उष्णतेने तेल जळते. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या गाडीत हे तासन् तास चालू राहते आणि चालकाला काहीही जाणवत नाही.

किती फरक चालतो याविषयी प्रत्येक कंपनीचा आपला नियम आहे. सुबारूचा नियम कडक आहे: चार टायरांच्या परिघांत पाव इंचाहून, म्हणजे ६.४ मिलिमीटरहून, जास्त फरक नसावा. नक्षीच्या भाषेत हे जेमतेम १ मिलिमीटर होते. आपल्या मॅन्युअलमध्ये आकडा सापडला नाही तर दीड ते दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, असे माझे मत आहे.

यातून तीन गोष्टी ओघाने येतात. पहिली, दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी आणि ती टाळू नये. दुसरी, चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच मापाचे असावेत, कारण छापील माप तेच असले तरी दोन कंपन्यांच्या टायरांचा खरा परीघ वेगळा निघू शकतो. तिसरी गोष्ट स्टेपनीची. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची आणि रिमची असेल तर तिलाही अदलाबदलीत घ्यावे. पाचही टायर एकसारखे झिजतात आणि एखाद्या टायरची बाजू खड्ड्यात फाटली तर जुळणारा टायर घरातच असतो. नाहीतर एका टायरसाठी दोन किंवा चार घेण्याची वेळ येते. स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी, जी बहुधा ताशी ८० किलोमीटर असते, आणि जवळच्या टायरवाल्यापर्यंतच जावे.

अदलाबदल करताना बोल्ट हवेच्या बंदुकीने कचकचून आवळू देऊ नयेत. हाताने बसवून, चांदणीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने आवळावेत. कोडियाकसाठी हा आकडा १४० न्यूटन-मीटर आहे. सुमारे शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावे.

हवा: थंड टायर म्हणजे काय

चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा डिझेल-पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात दोन माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी वेगवेगळे आकडे असतात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो. तेवढी हवा भरण्यासाठी तो नसतो. तक्त्यातील आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन किलोमीटर हळू चाललेली असावी. महामार्गावर तासभर धावलेल्या टायरची हवा चार-पाच पीएसआयने वाढलेली दिसते आणि ती वाढ अपेक्षितच असते. पंपावरच्या पोऱ्याने ती ‘जास्त’ म्हणून काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असतो.

तापमान १० अंशांनी बदलले की एसयूव्हीच्या टायरमधील हवा सुमारे दीड पीएसआयने बदलते. विदर्भात मे महिन्यात दुपारच्या ४२ अंशांत भरलेली हवा पहाटे कमी दिसते ती यामुळेच. घाट चढताना आणखी एक गोष्ट घडते. ३० अंशांच्या मुंबईतून डिसेंबरमध्ये १२ अंशांच्या महाबळेश्वरला गेलेल्या गाडीच्या टायरची हवा थंडीमुळे पावणेतीन पीएसआयच्या आसपास घटते. पण महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर असल्यामुळे बाहेरचा वायुदाब कमी असतो आणि साधा गेज त्याबदल्यात दोन पीएसआयच्या आसपास जास्त दाखवतो. दोन्ही मिळून फरक थोडाच उरतो. तिथे गेज काय दाखवतो ते पाहून हवा घालण्याची किंवा काढण्याची घाई करू नये. उतरून आल्यावर घरी तपासावे.

नायट्रोजनविषयी नेहमी विचारले जाते. तो कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढाच त्याचा लाभ. दर पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणारा माणूस वर्षभर नायट्रोजनच्या भरवशावर राहणाऱ्यापेक्षा आपले टायर चांगले ठेवतो.

टायर प्रेशर यंत्रणा: दोन जाती, दोन उपचार

अमेरिकेत टायर फुटून झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून हलक्या नव्या गाड्यांवर ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती लागू आहे. आपल्याकडे जुलै २०२० च्या नियमदुरुस्तीने, ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट दिली. अमेरिकी नियमानुसार हवा तक्त्यापेक्षा २५ टक्के घटली की दिवा लागला पाहिजे. म्हणजे ३३ पीएसआयचा टायर २५ च्या खाली येईपर्यंत दिवा बंद राहिला, तरी यंत्रणा नियमाप्रमाणेच चालली असे म्हणावे लागेल. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे, हा समज म्हणूनच घातक आहे.

कोडियाकसारख्या गाडीत अप्रत्यक्ष यंत्रणा असते. टायरमध्ये कोणताही सेन्सर नसतो. एबीएसचे वेग-सेन्सर चाकांचे फेरे मोजतात, हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या घटून तो जरा जास्त फिरतो, आणि तो फरक संगणक पकडतो. तिची देखभाल म्हणजे तिला योग्य संदर्भ देणे. चारही टायर थंड असताना तक्त्याप्रमाणे हवा भरा, नंतरच पडद्यावरील मेनूत जाऊन टायर प्रेशर साठवण्याची आज्ञा द्या. हवा भरणे, चाकांची अदलाबदल, टायर बदलणे यांपैकी काहीही केले की हे पुन्हा करावे लागते. दिवा विझवण्यासाठी हवा न भरताच ही आज्ञा दिली तर गाडी चुकीची हवाच योग्य मानून बसते. सर्व टायरांतली हवा एकसारखी हळूहळू उतरली तर साधी अप्रत्यक्ष यंत्रणा ते ओळखण्यात कमी पडते. नव्या यंत्रणा टायरच्या कंपनांचाही अभ्यास करतात, तरी हातातल्या गेजला पर्याय नाही.

पडद्यावर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल तर यंत्रणा प्रत्यक्ष प्रकारची आहे. रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर बसवलेला असतो. त्यात सीलबंद लिथियम बॅटरी असते आणि ती साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती संपली की पूर्ण सेन्सर बदलावा लागतो. सेन्सर मागवताना फ्रिक्वेन्सी पाहावी: आपल्याकडे आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झ, तर अमेरिकेसाठी बनवलेले बरेच सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झचे असतात, आणि तिकडून कोणी नातेवाइकाने स्वस्तात आणलेला सेन्सर आपल्या गाडीशी बोलत नाही. दिवा सलग पेटला असेल तर हवा कमी आहे. सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर बहुतेक गाड्यांत ती यंत्रणेतल्या बिघाडाची खूण असते, आणि पाच-सहा वर्षे जुन्या गाडीत बॅटरीचा संशय आधी घ्यावा.

अशा गाडीचा टायर काढला जात असताना आपण तिथे उभे राहावे. टायर रिमपासून सुटा करणारे फावडे व्हॉल्व्हजवळ दाबले की सेन्सर फुटतो. म्हणून व्हॉल्व्हपासून दूर, समोरच्या बाजूने सुरुवात करायला सांगावे. टायर बदलताना व्हॉल्व्हचा सर्व्हिस किटही बदलून घ्यावा: रबरी सील, नट, आतली पिन आणि टोपी. व्हॉल्व्हची नळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी. साधी पितळी पिन अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून घट्ट बसते, आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होते. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांवर शोभेच्या धातूच्या टोप्या पक्कडीने फिरवताना टोपीबरोबर नळीच तुटून हातात येते. आत रबर असलेली प्लास्टिकची टोपी सगळ्यात बरी.

पंक्चरच्या वेळी द्रव सीलंट ओतला तर तो सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतो, तेव्हा तो शेवटचा उपाय समजावा. स्ट्रिप घालून केलेले पंक्चर घरी पोहोचण्यापुरते ठीक. कायमसाठी टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावावा, आणि भोक ६ मिलिमीटरहून मोठे किंवा टायरच्या बाजूवर असेल तर टायर बदलावा. अदलाबदलीनंतर काही गाड्या सेन्सरांची नवी जागा चालता चालता स्वतः ओळखतात, काहींना १२५ किलोहर्ट्झच्या उपकरणाने प्रत्येक सेन्सर जागा करून शिकवावे लागते. यांपैकी आपली कोणती, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

गाडीच्या पोटाखाली

इथून पुढचे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये करावे. घरी करायचेच असेल तर चार भक्कम स्टँड आणि अगदी सपाट जमीन हवी. एक नियम कधीही मोडू नये: एखादे चाक जॅकवर उचललेले असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये. मागे जोर जाईल आणि जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून ढकलून देतील.

आधी नजरेने पाहावे. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटांना चिरा पडल्या असतील तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात. मधल्या लांब शाफ्टचे बेअरिंग आणि रबरी जोड हाताने हलवून पाहावेत. एबीएस सेन्सरच्या तारा आणि त्यांच्या कड्यांवर साचलेला चिखल बघावा. कोकणातल्या जांभ्या मातीचा चिखल वाळला की तो तिथे घट्ट बसून राहतो. एबीएस, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि फोर-बाय-फोर असे तिन्ही दिवे एकदम लागले तर कपलिंग उघडण्यापूर्वी चाकांचे वेग-सेन्सर तपासावेत. बहुधा दोष तिथेच सापडतो आणि खर्च कमी येतो.

आता तेले. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सखेरीज तीन वेगळी तेले असतात: पुढचा कोनी गिअरबॉक्स (मागे जाणाऱ्या शाफ्टकडे जोर वळवणारा), कपलिंग आणि मागचे डिफरन्शियल. कपलिंग आणि डिफरन्शियल बाहेरून एकच तुकडा दिसतात, त्यांचे बोल्ट एकमेकांशेजारी असतात, पण कप्पे वेगळे आणि तेलेही वेगळी. कपलिंगमध्ये गिअर ऑईल गेले तर पट्ट्यांची पकड बिघडते. म्हणून पाना लावण्यापूर्वी वर्कशॉप मॅन्युअलमधील आकृतीवरून बोल्ट ओळखून खडूने खूण करावी.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांच्या कपलिंगचे तेल ब्रिटनमध्ये दर ३ वर्षांनी बदलतात. आपला उन्हाळा, घाट आणि वाहतुकीची कोंडी पाहता इथे त्याहून उशीर करण्याचे कारण मला दिसत नाही. गाडी पूर्ण सपाट ठेवावी आणि तेल कोमट असावे. आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही ते पाहावे, मगच खालचा, तेल काढण्याचा बोल्ट उघडावा; खालचा उघडून तेल काढले आणि वरचा गंजून अडकलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकते. निघालेले तेल पांढऱ्या बशीत घ्यावे. काळसर रंग आणि बारीक राखाडी गाळ हे पट्ट्यांच्या नेहमीच्या झिजेचे लक्षण आहे. करपट वास किंवा बोटाला टोचणारे कण असतील तर टायरांच्या मापाकडे परत जावे आणि कपलिंग उघडून पाहण्याची तयारी ठेवावी.

पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये चौथ्या पिढीसारखा बदलता येणारा फिल्टर नाही. त्याऐवजी विजेच्या पंपावर बारीक जाळी आहे आणि पट्ट्यांची झीज तिथे साचते. जाळी बंद झाली की पंप ओढत राहतो आणि शेवटी जळतो. सेवापत्रकात तेल बदलण्याचा उल्लेख असतो, जाळीचा बहुधा नसतो, त्यामुळे नुसते तेल बदलून गाडी परत दिली जाते. म्हणून काम सांगतानाच पंप काढून जाळी साफ करण्याचे स्पष्टपणे लिहून घ्यावे. वायरचा प्लग काढून पंपाचे बोल्ट सोडले की पंप बाहेर येतो. जाळी ब्रेक क्लीनरने धुऊन, उजेडात धरून प्रत्येक छिद्र मोकळे असल्याचे पाहावे, नव्या ओ-रिंगना तेच तेल लावून पंप परत बसवावा. नंतर भरण्याच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागेपर्यंत भरावे. ते एका लिटरपेक्षा कमीच लागते. स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) पंप चालवून आतली हवा काढावी, पातळी पुन्हा पाहावी आणि बोल्टांना नवे सील घालून सांगितलेल्या टॉर्कने आवळावे.

डिफरन्शियल आणि पुढच्या गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असे अनेक सेवापत्रके म्हणतात. पुढचा गिअरबॉक्स एक्झॉस्टजवळ तापत असतो आणि त्यात तेल थोडेच मावते. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर ६० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान दोन्ही तेले बदलावीत. खर्च गिअरच्या तुलनेत नगण्य आहे.

पाण्यातून गेल्यावर ही वाट पाहू नये. गरम झालेले डिफरन्शियल कॉजवेवरच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि श्वासनळीतून (हवा आत-बाहेर होण्यासाठी ठेवलेल्या नळीतून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. चाकाच्या मध्याच्या वर पाणी लागलेले असेल तर त्याच आठवड्यात भरण्याचा बोल्ट उघडून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर ताबडतोब बदलावे, आणि थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे. श्वासनळीचे तोंड चिखलाने बुजलेले नाही हेही पाहावे. काढलेले सगळे तेल गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावे, गटारात नाही.

काम झाल्यावर

स्कॅनरने जुने कोड पुसून, मोकळ्या पटांगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरावे, दोन्ही दिशांना. खालून धक्के किंवा घरघर जाणवली तर टायरांचे मोजमाप पुन्हा करावे. नंतर ओल्या चढावर उभे राहून अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबावा. पुढची चाके क्षणभरच घसरून गाडी सरळ वर निघाली पाहिजे. पुढची चाके फिरतच राहिली आणि मागून काहीच जोर आला नाही, तर पंप किंवा त्याची वायरिंग तपासावी. हा दोष असताना काही गाड्यांत दिवा लागत नाही.

रस्त्यात गाडी बंद पडली तर टोइंगवाल्याला फोनवरच ऑल-व्हील ड्राइव्ह आहे असे सांगून सपाट पाटीचा ट्रक मागवावा. दोन चाके उचलून दोन रस्त्यावर फिरवत नेण्याच्या पद्धतीने कपलिंग आणि गिअरबॉक्सचे मोठे नुकसान होऊ शकते. घाईत आलेली व्हॅन पुढची चाके उचलू लागली तर तिला थांबवावे, आणि ट्रक येईपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला, त्रिकोण मागे ठेवून, उभी करावी.